अकरा ते पाच : सातारा-सांगलीच्या शाळेतला दिवस

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास प्रवेशाच्या तारखांनी लिहिण्याची सवय पडली आहे. अमुक साली अमुक ठिकाणी शाळा निघाली, अमुक ठरावाने ती अस्पृश्यांना खुली झाली, तालुक्यातला पहिला मॅट्रिक अमुक, पहिला पदवीधर तमुक. ही सनावळी आवश्यक आहे; तिच्यावाचून आपला लढा कागदावर येत नाही. परंतु तिच्यात एक मोठी पोकळी राहते. ज्या मुलाचे नाव एकदा रजिस्टरात चढले, त्याचे दुसऱ्या दिवशी अकरापासून पाचपर्यंत काय झाले, हे ती सांगत नाही. घंटा, हजेरी, पाढे, पाटी, मधली सुट्टी, तहान, शुद्धलेखन, पुन्हा पाढे, आणि मग शाळा सुटणे. शाळा रोज या क्रमाने घडत असते. या क्रमात जात कुठे कुठे बसली होती ते शोधल्याशिवाय ‘प्रवेश मिळाला’ या दोन शब्दांचा अर्थ लागत नाही.

हा शोध सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता घेण्याला कारण आहे. १९४९ पर्यंत सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मधेमधे औंध, फलटण, सांगली, मिरज ही संस्थाने होती. ती १९४८ च्या सुमारास विलीन झाली. म्हणजे ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख येथे एकाच एस.टी.च्या रस्त्यावर भेटतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. शाळेतला दिवस ज्यांनी प्रत्यक्ष भोगला आणि पुढे स्वतःच्या शब्दांत नोंदवला, असे साक्षीदार या मातीने जितके दिले तितके फार थोड्या भागांनी दिले आहेत. खात्याच्या अहवालात मुलांची संख्या सापडते, मुलांची तहान सापडत नाही. ती या साक्षीदारांकडेच मागावी लागते.

सरकारी कागद काय म्हणत होते ते आधी थोडक्यात पाहू. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी इतरांची शाळा मोडू नये असा मुंबई सरकारचा पवित्रा होता. पुढे वरून आदेश आला की सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. तत्त्व मान्य झाले आणि अंमलबजावणी व्हरांड्यात बसली. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणखात्याच्या कागदांत अस्पृश्य मुलांना व्हरांड्यात बसविल्याचे उल्लेख येतात, ते काही लपवून ठेवलेले नाहीत. प्रश्न सोडविल्याच्या समाधानाने लिहिलेले आहेत.

जोतीराव फुल्यांना ही अंमलबजावणी चांगली ठाऊक होती. त्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगावचे, म्हणजे आजच्या खंडाळा तालुक्यातले. दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातलीच. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव निव्वळ ‘शाळा काढा’ असे म्हणाले नाहीत. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी जातींतून घ्या, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवा, असे त्यांनी मांडले. जातीच्या पूर्वग्रहामुळे महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नाहीत, तेव्हा त्यांची संख्या मोठी असेल तेथे त्यांच्या वेगळ्या शाळा असाव्यात, असेही त्यांनी सांगितले. वेगळ्या शाळेची ही मागणी आज काहींना खटकते. मला ती खटकत नाही. ज्याने वर्गातला दिवस जवळून पाहिला आहे तोच असे मागेल. शाळेत कोण शिकवतो आणि कोण कोठे बसतो, हे प्रश्न जोतीरावांनी अभ्यासक्रमाच्या बरोबरीला आणून ठेवले.

आता साताऱ्याकडे येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाची नोंद झाली. रजिस्टरातला क्रमांक १९१४. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. भाषणांतून हा बाबासाहेबांचा शाळेचा पहिलाच दिवस असल्यासारखे सांगितले जाते, ते बरोबर नाही. हा प्रवेश इंग्रजी पहिलीचा होता. मराठी इयत्ता आधी पूर्ण झाल्या होत्या. साताऱ्याच्या कॅम्पातली शाळा त्यांत होती. हा तपशील क्षुल्लक नाही, त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

त्या शाळेतला दिवस कसा होता ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सांगून ठेवले आहे. वर्गात वेगळा कोपरा. बसायला स्वतःचे गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी काढून नळावर जाता येई. यांना परवानगी पुरेशी नव्हती. नळाला स्पर्श करायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. केस कापायला साताऱ्यात न्हावी मिळत नव्हता, पैसे देऊनही नाही. थोरली बहीण केस कापी. कपडे धुणारा परीटही मिळत नसे. घरच्या बहिणीच कपडे धूत.

यातल्या पाण्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मला थांबवतो तो कोपरा. बाबासाहेब तेथे एक शब्द वापरतात ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. वर्गात क्रमांकानुसार बसण्याची पद्धत होती आणि त्या क्रमांकाच्या जागी आपल्याला बसता येत नव्हते, असे ते सांगतात. जुन्या वर्गात ‘पहिला नंबर’ ही निकालपत्रकावरची गोष्ट नव्हती, ती बसायची जागा होती. मास्तरांनी प्रश्न विचारावा, वरच्याला आला नाही तर खालच्याने उत्तर द्यावे आणि उठून वर जाऊन बसावे. बुद्धीची चढाओढ अशी डोळ्यांना दिसत असे. कोपऱ्यातला मुलगा या शिडीवर नव्हताच. त्याला उत्तर येवो किंवा न येवो, त्याची जागा हलत नव्हती. अपमान हा कोपऱ्याचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की गुणवत्ता मोजण्याच्या रचनेतूनच त्याला वगळले होते. गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांवर आजही जे तावातावाने बोलतात, त्यांनी या शिडीचा इतिहास एकदा वाचावा.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. अक्षरओळख हे स्पर्शाचे शिक्षण आहे. मास्तर मुलाचा हात हातात धरून पहिला ‘ग’ गिरवून घेतात. पाटी हातात घेऊन चूक खोडतात, वर बरोबर अक्षर काढून देतात, आणि मूल त्यावरून दहा वेळा पेन्सिल फिरवते. पाठीवर थाप पडते, कान पिळला जातो, छडीही बसते. जेथे स्पर्श वर्ज्य तेथे या सगळ्या साखळीतली एकेक कडी तुटते. पाटी जमिनीवर ठेवायची, मास्तर लांबून पाहणार. गिरवून कोण घेणार? मग शिल्लक राहते ते कान. पाढे, पावकी-निमकी, कविता, म्हणजे जे सामुदायिक आवाजात म्हटले जाते ते कोपऱ्यापर्यंत आणि व्हरांड्यापर्यंत पोचते. लेखन पोचत नाही. पहिल्या पिढीतल्या आपल्या अनेक वडीलधाऱ्यांना पाढे घडाघडा येत आणि सही करताना मात्र हात अडखळे, हे आपण घरोघर पाहिले आहे. त्याचे कारण त्यांच्या बुद्धीत शोधण्याचा उद्योग अनेकांनी केला. ते वर्गाच्या रचनेत शोधायला हवे.

स्वच्छतेची तपासणी हीसुद्धा शाळेच्या दिनक्रमातली गोष्ट. नखे पाहा, केस पाहा, सदरा पाहा. ज्याला न्हावी शिवत नाही, परीट शिवत नाही आणि ज्याच्या वस्तीला पाणवठा नाही, त्याला ही तपासणी रोज द्यायची. गावाने नाकारायचे आणि शाळेने त्याबद्दल मुलाला जबाबदार धरायचे, अशी ही चोख विभागणी होती.

मग भिवा रामजी टिकला कसा? येथे कॅम्पाच्या शाळेचा तपशील कामाला येतो. कंपनीच्या आणि नंतरच्या ब्रिटिश फौजेत शिपायांच्या शिक्षणाची, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था होती. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. त्या घरात अक्षर बाहेरून भिक्षा मागून आणायचे नव्हते. ते घरातच होते. हात धरून गिरवून घ्यायला बाप होता. वर्गातल्या दिवसाने जे नाकारले ते घरातल्या पहाटेने आणि रात्रीने भरून काढले. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. आपण या बंदीकडे रोजगाराचा आणि सन्मानाचा प्रश्न म्हणून पाहतो, ते खरेच आहे. पण त्याच वेळी एक शाळाही बंद झाली. ज्या शाळेत बसायच्या जागेसाठी कोणाची विनवणी करावी लागत नव्हती ती शाळा. पुढच्या पिढीतल्या मुलाला गावच्या शाळेवाचून दुसरा मार्ग उरला नाही.

ही पुढची पिढी म्हणजे वाटेगावचा मुलगा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. मांगवाड्यातले घर. बापाला मुलाने शिकावे असे वाटले, शाळेत नाव घातले, आणि ती शाळा दीड दिवसात संपली. अक्षर येत नाही म्हणून मास्तरांनी मारले आणि मुलगा परत गेला नाही, असे सांगितले जाते. पुढे तो मुंबईला गेला. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे, गिरणगावातले आणि चळवळीतले सोबती यांच्याकडून अक्षर शिकला. आणि १९५९ साली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण झाली.

‘दीड दिवसाची शाळा’ हे शब्द आपल्या सभांतून आता टाळ्यांचे वाक्य झाले आहेत. शाळा न शिकताही साहित्यसम्राट! मला या टाळ्यांची भीती वाटते. दीड दिवसात शाळा सोडणारे वाटेगावचे ते एकच मूल होते काय? आसपासच्या प्रत्येक मांगवाड्यात, महारवाड्यात, रामोशीवाड्यात अशी मुले होती. त्यांच्यातला एक अण्णाभाऊ झाला. बाकीच्यांनी दोर वळले, केरसुण्या बांधल्या, गवताचे भारे वाहिले. अलौकिक प्रतिभेच्या गौरवात शाळेचा गुन्हा माफ होऊन जातो. साताऱ्याच्या कोपऱ्यातला मुलगा आणि वाटेगावचा मुलगा यांच्यातला फरक बुद्धीचा नव्हता. एकाच्या घरात सुभेदार-मास्तर बाप होता आणि दुसऱ्याच्या घरात फक्त शिकवण्याची इच्छा होती.

शाळेच्या तासांबाहेरचा दिवसही पाहिला पाहिजे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुरोगामी म्हणून ख्यात. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार हा नित्यक्रमाचा भाग होता. त्याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘तराळ-अंतराळ’ या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच वतनाच्या कामावरून आहे. तराळकी म्हणजे चोवीस तासांची चाकरी. टपाल पोचवा, सारा भरायला लोकांना बोलावून आणा, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळा, मेलेले जनावर ओढा. बाप गेला नाही तर घरातला दुसरा कोणी जायचा, आणि दुसरा कोणी म्हणजे बहुधा शाळेतला मुलगा. शाळेचे घड्याळ अकरा ते पाच चालत होते. वतनाच्या घड्याळाला काटेच नव्हते. ‘सतत गैरहजर’ हा शेरा कोणत्या घड्याळाने लिहिला गेला, हे मास्तरांना कळत नव्हते असे नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. शिक्षणाच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख मी कोठे पाहिलेला नाही. तो असायला हवा.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये फलटणच्या मुलींच्या शाळेतले दिवस लिहिले आहेत. महार मुलींना बसायला वेगळी जागा, सवर्ण मुलींचे टोमणे, आणि या मुलींनी दिलेली रोखठोक उत्तरे. हे वाचताना जाणवते ते असे की त्या शाळेत महार मुलगी एकटी नव्हती. त्यांचा एक छोटा गट होता. बाबासाहेबांच्या चळवळीचे वारे फलटणच्या महारवाड्यात पोचले होते आणि मुलींना शाळेत घालणे हा चळवळीचाच कार्यक्रम झाला होता. कोपरा तोच, पण १९०० साली तो गप्प होता आणि आता तो भांडत होता. एकटे मूल आणि मुलांचा गट यांतला हा फरक आपल्या शिक्षणविचारात फारसा आलेला नाही. त्याच फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) तिसरीच अडचण समोर आणली. पाल एका गावातून उठून दुसऱ्या गावात गेले की शाळाही सुटली. कैकाड्याच्या मुलाला कोपरासुद्धा कायमचा नव्हता.

या दिनक्रमावर ज्यांनी घाव घातला त्यांत दोन नावे घ्यावी लागतात. शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. जोतीरावांची १८८२ ची मागणी आणि शाहूंचा १९१९ चा हुकूम यांत विरोध पाहण्याचे कारण नाही. एकाने सत्तेबाहेरून मागितले, दुसऱ्याच्या हाती हुकूम देण्याची सत्ता होती.

दुसरे भाऊराव पाटील. दुधगावच्या वसतिगृहाचा अनुभव गाठीशी असलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले. भाऊरावांचे वेगळेपण मला असे दिसते: शाळेचे सहा तास सुधारायचे तर उरलेले अठरा तास ताब्यात घ्यावे लागतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी आधी बोर्डिंग काढले. मुलांनीच पाणी भरायचे, भाकऱ्या भाजायच्या, एका पंगतीत बसायचे, श्रम करून शिकायचे. ज्या हाताने भरलेले पाणी गावात चालत नव्हते, ते येथे सगळ्यांनी प्यायचे. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचे अध्यापक विद्यालय काढले, तेही याच जाणिवेतून. जोतीरावांनी मागितलेला शिक्षक शेवटी कोठे तरी घडवावा लागणारच होता. पण एक नोंद केली पाहिजे. बोर्डिंगातून बाहेर पडलेला मुलगा सुट्टीत गावी गेला की गावची शाळा होती तशीच होती.

कायदा मागून येत होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही त्यात होत्या. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कारभार कायद्याने स्थानिक संस्थांकडे गेला. याचा व्यवहारातला अर्थ असा की ठराव मुंबईत मंजूर झाला आणि शाळा मात्र ज्यांनी व्हरांडा आखून दिला होता त्यांच्याच हाती गेली.

आज गोणपाट नाही. माझी पिढी नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. एकाच पट्टीवर बसलो, एकाच नळाला तोंड लावले. आमच्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी मात्र मोठ्याने वाचली जाई आणि नाव आलेल्यांनी उभे राहायचे असे. कोणी अपमान करण्याच्या हेतूने हे करत नव्हते; ते सोयीचे होते एवढेच. उभे राहिल्यावर पाठीमागे जी शांतता पसरायची ती मात्र वर्गातल्या प्रत्येक मुलाला बरोबर कळायची. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याने छडी बंद केली. दुसऱ्या बाजूला २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याची योजना पुढे आली. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांना असल्या निर्णयांचा अर्थ सांगावा लागत नाही. सहा वर्षांच्या मुलीने रोज किती चालायचे, हा तिच्या शाळेच्या दिवसाचाच भाग आहे.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. गावोगावच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टरे आहेत. अलीकडे त्यांना मोठी मागणी आली आहे. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधायला लोक येतात, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायलाही येतात. सगळे एकच रकाना पाहतात, जातीचा; त्याची नक्कल घेतात आणि रजिस्टर मिटतात. त्याच ओळीत पुढे आणखी रकाने आहेत: दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, पालावरच्या मुलांच्या या दोन तारखांमध्ये किती दिवस जातात ते मोजा. कारणाच्या रकान्यात मास्तरांनी काय लिहिले ते जसेच्या तसे उतरवून घ्या. काही ठिकाणी जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आता गावात सापडत नाहीत. तेव्हा जाताना मोडी येणारा एखादा विद्यार्थी बरोबर न्या. कागद ठिसूळ झालेले असतात, पाने जपून उलटावी लागतात, आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी लेखी घ्यावी.